‘निर्मूलन’ कुठे लिहावे आणि कुठे लिहू नये : नव्या अनुवादकांसाठी मार्गदर्शक

पुण्यात सामाजिक संस्था, संशोधन केंद्रे, प्रकाशनगृहे आणि सरकारी कार्यालये यांची इतकी दाटी आहे, की इंग्रजीतला अहवाल, माहितीपत्रक किंवा अर्जाचा नमुना मराठीत आणण्याचे काम इथे बारमाही चालू असते आणि ते बहुधा नुकत्याच पदवीधर झालेल्या, भाषेची आवड असलेल्या तरुण मंडळींच्या हाती पडते. या कामात ‘एलिमिनेशन’ हा शब्द फार लवकर समोर येतो. त्याच्या पाठोपाठ ‘इरॅडिकेशन’, ‘अबॉलिशन’, ‘रिमूव्हल’, ‘डिलीशन’, ‘क्लिअरन्स’ अशी त्याची भावंडे येतात आणि नवा अनुवादक या सगळ्यांसाठी एकच शब्द लिहून मोकळा होतो, तो म्हणजे ‘निर्मूलन’.

हा शब्द चांगला आहे, वजनदार आहे आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात त्याला मोठा इतिहास आहे. म्हणूनच तो कुठेही खर्च करू नये, असे मला मनापासून वाटते. असे मजकूर मराठीत आणणे आणि इतरांनी आणलेले तपासणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे कोणत्या ठिकाणी गोंधळ होतो, हे मला ठाऊक झाले आहे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत, ज्या क्रमाने प्रत्यक्ष मजकूर हातात आल्यावर विचार करावा लागतो.

कामाला बसण्यापूर्वी जवळ काय असावे

- मूळ मजकूर पूर्ण स्वरूपात. फक्त तक्ता किंवा फक्त मथळे पाठवले असतील, तर उरलेला भाग मागून घ्यावा, कारण या शब्दाचा अर्थ त्याच्या आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरतो.
- भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश आणि न्यायव्यवहार कोश, तसेच ज्या विषयाचा मजकूर असेल त्या विषयाचा परिभाषा कोश.
- जुन्या अर्थच्छटा पाहण्यासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश.
- मजकुरात ज्या कायद्यांचा किंवा सरकारी कार्यक्रमांचा उल्लेख असेल, त्यांची अधिकृत मराठी नावे.
- बालभारतीची गणित आणि विज्ञानाची माध्यमिक इयत्तांची पुस्तके. शास्त्रीय मजकूर सामान्य वाचकासाठी असेल, तर त्याने शाळेत जो शब्द वाचला तोच वापरणे श्रेयस्कर असते, आणि या पुस्तकांइतका तो दुसरीकडे सहज सापडत नाही.

कोश विकत घेणे परवडत नसेल, तर टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या ग्रंथालयासारख्या ठिकाणी बसून टिपणे काढता येतात.

१. शब्द उलगडून पाहा

‘निर्मूलन’ या शब्दात ‘निर्’ आणि ‘मूल’ हे दोन घटक उघड दिसतात. मूळच राहू न देणे, हा त्याचा गाभा आहे. शेतात लव्हाळा उपटणाऱ्या माणसाला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वरचे पाते हातात येते, जमिनीतली गाठ तशीच राहते आणि पाऊस पडला की त्याच जागी पुन्हा हिरवे कोंब दिसतात. ती गाठ निघाली, तरच निर्मूलन झाले असे म्हणता येईल. म्हणजे हा शब्द लिहिणारा एक मोठे आश्वासन देत असतो, की ही गोष्ट आता परत येणार नाही.

त्याचे शेजारी शब्द असे आश्वासन देत नाहीत. ‘निवारण’ म्हणजे अडवणे, दूर ठेवणे. ‘निवारा’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द याच घराण्यातला आहे. निवाऱ्यामुळे पाऊस थांबत नाही, पण आपण भिजत नाही. त्यामुळे ‘तक्रार निवारण’ ही संज्ञा चपखल बसते. आलेल्या तक्रारीचा त्रास दूर केला जाईल एवढेच तिच्यात सांगितले आहे, आणि उद्या नवी तक्रार येणारच, हेही तिने गृहीत धरलेले आहे. ‘ग्राहक तक्रार निर्मूलन आयोग’ असे कोणी लिहिले, तर ग्राहकांनी तक्रारच करू नये अशी व्यवस्था उभी केली आहे की काय, असा अर्थ निघू लागेल.

‘उच्चाटन’ या शब्दाचा पूर्वेतिहास वेगळाच आहे. तंत्रमार्गातल्या मारण, मोहन, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि वशीकरण या कर्मांमध्ये तो येतो आणि तिथे त्याचा अर्थ एखाद्याला त्याच्या ठिकाणावरून हुसकावून लावणे असा आहे. आजच्या मराठीत ही छटा जवळजवळ पुसली गेली असली, तरी हुसकावण्याचा जोर मात्र टिकून आहे. म्हणून प्रथा, कुरीती आणि अन्याय्य व्यवस्था यांच्यासाठी हा शब्द शोभतो. ‘निरसन’ हा शब्द शंकेचा, गैरसमजाचा आणि कायद्याचा. ‘लोप’ हा अक्षराचा, समीकरणातल्या चलाचा आणि परंपरेचा. एखादी बोली बोलणारी माणसे उरली नाहीत, तर त्या बोलीचा लोप होतो. तिचे ‘निर्मूलन झाले’ असे लिहिले, तर कोणीतरी ते मुद्दाम घडवून आणले असा आरोप होतो.

२. मजकुराला तीन प्रश्न विचारा

इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द शोधायला लगेच कोश उघडू नये. त्याआधी ते वाक्य पुन्हा वाचून तीन गोष्टी समासात लिहून काढाव्यात. पहिली, नेमके काय जाणार आहे : रोग, प्रथा, माणूस, नाव, नोंद, शंका, की समीकरणातले एखादे अक्षर? दुसरी, ते कुठून जाणार आहे : साऱ्या जगातून, एका जिल्ह्यातून, एखाद्या यादीतून, की केवळ एका स्पर्धेतून? तिसरी, गेल्यानंतर ते परत येऊ शकते का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर ‘निर्मूलन’ बाजूला ठेवावे. या एका चाळणीने बहुतेक चुका तिथल्या तिथे थांबतात. ‘प्रभागातील डासांचे निर्मूलन करण्यात आले’ असे वाक्य कार्य-अहवालात सर्रास आढळते. धुरळणीने त्या दिवशीचे डास मेले असतील, परंतु पाणी साचलेले टायर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या जागेवरच असतील, तर आठवड्याभरात नवे डास तयार होणार. तिथे ‘डास नियंत्रणासाठी धुरळणी करण्यात आली’ असे लिहिणे हे वस्तुस्थितीला धरून आहे आणि संस्थेच्याही हिताचे आहे, कारण पुढच्या महिन्यात कोणी बोट ठेवू शकत नाही.

३. आरोग्याच्या मजकुरात तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा

ज्या मजकुरात या शब्दाची चूक सर्वांत महाग पडते, तो आरोग्याचा. सार्वजनिक आरोग्यशास्त्रात ‘कंट्रोल’, ‘एलिमिनेशन’ आणि ‘इरॅडिकेशन’ या तीन स्वतंत्र अवस्था मानल्या जातात. महाराष्ट्रातल्या आरोग्य खात्याच्या वापरात त्यांच्यासाठी अनुक्रमे नियंत्रण, दूरीकरण आणि निर्मूलन असे शब्द रुळले आहेत. नियंत्रण म्हणजे रोगाचे प्रमाण सोसण्याजोग्या पातळीपर्यंत खाली आणणे. दूरीकरण म्हणजे एखाद्या ठरावीक भूभागातून त्याचा प्रसार थांबवणे किंवा ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली आणणे. यात उपाय चालूच ठेवावे लागतात, कारण रोग शेजारच्या प्रदेशातून परत येऊ शकतो. निर्मूलन म्हणजे साऱ्या जगातून त्या रोगाचा कायमचा अंत. त्यानंतर लसीकरणही थांबवता येते.

या काटेकोर अर्थाने माणसाच्या एकाच रोगाचे निर्मूलन आजवर झाले आहे, तो म्हणजे देवी. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला, जगातला नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्या काळातल्या भिंतींवर रंगवलेली ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’ ही घोषणा आजही अनेक ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. गावोगाव एकेक रुग्ण शोधून काढल्याशिवाय मूळ निघत नाही, हे त्या घोषणेने अगदी साध्या शब्दांत सांगितले होते. जनावरांच्या बाबतीत असेच यश बुळकांडी या रोगाविरुद्ध मिळाले. तो संपल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. ही यादी इथेच संपते.

पोलिओचे उदाहरण नव्या अनुवादकाला हमखास गोंधळात टाकते. भारतात वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. तरीही जगाच्या पाठीवर, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात, तो विषाणू टिकून असल्यामुळे ‘भारत पोलिओमुक्त झाला’ हे विधान बरोबर ठरते आणि ‘पोलिओचे निर्मूलन झाले’ हे चूक. मोहिमेचे नाव मात्र ‘पोलिओ निर्मूलन’च राहील, कारण तिचे उद्दिष्ट जगव्यापी आहे. उद्दिष्टाचे नाव आणि साध्य झालेली अवस्था या दोन गोष्टी वाक्यात एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हा फरक माणसांच्या आयुष्याला भिडतो. राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण ही मर्यादा भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठली. तिला ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण’ असे म्हटले गेले. हे लांबलचक नाव कंटाळवाणे वाटते म्हणून कोणी ‘भारतातून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाले’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला रोग उरलाच नाही असे वाटते, आणि अंगावरचा बधिर चट्टा तो दाखवायला जात नाही. प्रत्यक्षात देशात आजही दर वर्षी लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडतात आणि वेळेवर बहुविध औषधोपचार मिळाले, तर रोग पूर्ण बरा होतो. म्हणून ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ हे शब्द गाळू नयेत, वाक्य कितीही लांबले तरी चालेल.

हिवतापाचा इतिहासही या संदर्भात वाचण्याजोगा आहे. १९५३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम उत्साहवर्धक यशानंतर १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम झाला. १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली होती. डीडीटी या कीटकनाशकाला न जुमानणारे डास, ढिली पडलेली देखरेख आणि अपुरा पुरवठा यांमुळे १९७६ पर्यंत ती ६४ लाखांवर गेली, आणि १९७७ मध्ये सुधारित योजना आखावी लागली. पुढे कार्यक्रमाच्या नावातून ‘निर्मूलन’ गेले आणि आधी ‘हिवतापविरोधी’, नंतर ‘कीटकजन्य रोग नियंत्रण’ असे शब्द आले. त्यामुळे जुन्या कागदपत्रांचे भाषांतर करताना कागद कोणत्या वर्षाचा आहे ते पाहून त्या वेळचेच नाव लिहावे.

एक सापळा हिंदीतून येतो. केंद्र सरकारची परिपत्रके हिंदीत ‘उन्मूलन’ म्हणतात आणि तोच शब्द घाईघाईने मराठीत उतरतो. तो संस्कृत आहे, अर्थही कळतो, पण मराठी वाचकाच्या कानाला रुळलेला नाही. मराठीत ‘निर्मूलन’ किंवा ‘दूरीकरण’ लिहावे.

४. माणसांना हा शब्द लावू नका

या टप्प्यावर मी कोणतीही तडजोड मानत नाही. निर्मूलन रोगाचे होते, रुग्णाचे नाही. दारिद्र्याचे होते, दरिद्री माणसाचे नाही. वेठबिगारीचे होते, वेठबिगाराचे नाही. हे सांगण्याची गरजच नाही असे वाटेल, परंतु एका संस्थेच्या पत्रकात मी ‘भिकारी निर्मूलन मोहीम’ हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले पाहिले आहेत. पत्रक लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता. त्याला पुनर्वसन म्हणायचे होते. राज्यातला १९५९ चा कायदासुद्धा भीक मागण्याला प्रतिबंध करतो, आणि त्याच्या वापराबद्दल कितीही वाद असले, तरी शब्दयोजनेत त्याने कृत्य आणि व्यक्ती वेगळ्या ठेवल्या आहेत. तेवढी काळजी आपण नक्कीच घेऊ शकतो.

‘झोपडपट्टी निर्मूलन’ ही संज्ञा अधिक अवघड आहे, कारण ती कायद्यातच आहे. महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ या नावात ‘क्लिअरन्स’साठी ‘निर्मूलन’ आले आहे. कायद्याचे नाव जसेच्या तसे द्यावे लागेल. परंतु त्याच परिच्छेदात तुमचे स्वतःचे वाक्य येईल, तेव्हा ‘वस्ती हटवणे’, ‘घरे पाडणे’, ‘रहिवाशांचे स्थलांतर’, ‘पुनर्वसन’ यांपैकी जे प्रत्यक्ष घडले तेच लिहावे. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या, जनता वसाहतीतल्या किंवा येरवड्यातल्या माणसाने तो अहवाल वाचला, तर त्याला आपल्या घराबद्दल काय लिहिले आहे ते स्पष्ट कळले पाहिजे. ‘निर्मूलन’ या शब्दामागे घर पाडले की घर दिले, हे लपून जाते.

पुणे महानगरपालिकेत अतिक्रमण आणि अनधिकृत बांधकाम निर्मूलन असा विभागच आहे. तिथेही निर्मूलन अतिक्रमणाचे आहे. ‘पथारीवाल्यांचे निर्मूलन’ असे लिहिण्याची मुभा त्यातून मिळत नाही. बांधकाम पाडण्याच्या नोटिशीत ‘निष्कासन’ हा शब्द असतो, तो सामान्य वाचकासाठी लिहिताना ‘बांधकाम काढून टाकणे’ असा सोडवून लिहावा.

५. कायदा आणि कार्यालय यांच्या मजकुरात रूढ शब्दच वापरा

इथे स्वतःची कल्पकता उपयोगाची नाही. प्रत्येक क्रियेला कार्यालयात ठरलेला शब्द आहे आणि अर्जदाराला खिडकीवर तोच उच्चारावा लागतो.

मतदार यादीतले नाव ‘वगळले’ जाते. त्यासाठीचा अर्ज नमुना ७. शिधापत्रिकेतले नाव ‘कमी केले’ जाते. सातबारावरचा कर्जाचा बोजाही ‘कमी’ होतो. शेतकरी बँकेचा बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचे पत्र) घेऊन तलाठ्याकडे जातो, तेव्हा तो ‘बोजा कमी करायचाय’ असेच म्हणतो, आणि अर्जाच्या विषयातही ‘बोजा कमी करणेबाबत’ हेच शब्द असतात. इंग्रजी समजणाऱ्या माणसाला ‘कमी करणे’ म्हणजे थोडेसे घटवणे असे वाटू शकते, परंतु महसुली भाषेत ती नोंद पूर्ण काढून टाकणे असाच त्याचा अर्थ आहे. ‘बोजाचे निर्मूलन’ किंवा ‘बोजाचे उच्चाटन’ असे छापील मार्गदर्शिकेत आले, तर वाचणारा गोंधळतो आणि कार्यालयातला माणूसही बुचकळ्यात पडतो.

कायदा संपुष्टात आणला जातो तेव्हा त्याचे ‘निरसन’ होते. अधिनियमाच्या शेवटी ‘निरसन व व्यावृत्ती’ असे कलम आढळते, त्याला हात लावू नये. एखादे पद रद्द होते तेव्हा ते ‘निरसित’ होते. जुने कपाट किंवा फाटलेली पुस्तके दफ्तरातून काढतात तेव्हा त्यांचे ‘निर्लेखन’ होते. जुन्या अभिलेखांचे ‘नाशन’ किंवा ‘नष्टीकरण’ त्यांच्या वर्गवारीप्रमाणे होते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम जपायचे असतात, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘क’ वर्गाचे १० वर्षे, ‘क-१’ वर्गाचे ५ वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे एक वर्ष. ही मुदत मजकुरात नसेल, तर स्वतःहून घालू नये. मात्र वर्गवारीचा उल्लेख आला, तर तो अक्षरशः तसाच ठेवावा.

कर्मचाऱ्याच्या संदर्भात विशेष सावध राहावे. ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या शिस्तभंगाच्या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीमुळे पुढे सरकारी नोकरीचा मार्ग बंद होत नाही, दुसरीमुळे सामान्यतः होतो. खाजगी कंपनीने मनुष्यबळ घटवले, तर ‘कामावरून कमी केले’ असे लिहावे, तिथे ‘बडतर्फ’ लिहिल्यास त्या माणसावर नसलेला ठपका बसतो.

आता प्रथा आणि सामाजिक कायद्यांकडे वळू. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद १७ ‘अस्पृश्यता नष्ट करणे’ असा आहे, तर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पिढीच्या कार्याचे वर्णन ‘अस्पृश्यता निवारण’ या शब्दांत होत आले आहे. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी घालू नयेत. संविधानाने एका क्षणी, कायद्याच्या बळावर ती संपुष्टात आणली. निवारण हे पिढ्यान्‌पिढ्या, घरोघरी चालणारे काम होते आणि आहे. मूळ मजकूर कोणत्या गोष्टीबद्दल बोलतो हे पाहून शब्द ठरवावा.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नावात हा शब्द सर्वार्थाने शोभतो, कारण त्या कामाचा रोख माणसांच्या विरोधात नव्हता, त्यांच्या मनातल्या भीतीच्या आणि अज्ञानाच्या मुळांकडे होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते झगडले, तो त्याच वर्षी आधी अध्यादेश म्हणून आणि मग अधिनियम म्हणून आला. त्याच्या लांब नावात मात्र ‘समूळ उच्चाटन’ हे शब्द आहेत. समितीच्या नावात निर्मूलन आणि कायद्याच्या नावात उच्चाटन, हे दोन्ही नीट लक्षात ठेवून ज्याचे त्याला द्यावे.

६. गणित, विज्ञान आणि खेळ

या क्षेत्रांत शब्द पक्के आहेत, त्यामुळे फार विचार करावा लागत नाही. एकसामयिक समीकरणे सोडवताना चलाचा ‘लोप’ करतात. शरीरातून टाकाऊ द्रव्ये बाहेर पडणे हे ‘उत्सर्जन’. बहुपर्यायी प्रश्नात चुकीचे पर्याय ‘वगळत’ उत्तरापर्यंत पोहोचतात, आणि आहारतज्ज्ञ एकेक पदार्थ ‘वगळून’ त्रास कशामुळे होतो ते शोधतात. खेळात संघ ‘बाद’ होतो आणि फेरी ‘बाद फेरी’ असते. ज्या शहरात डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम घडले, तिथे खेळाडू ‘निर्मूलित झाला’ असे कोणी लिहू नये.

७. शब्दाचा जोर वाक्याला साजेसा आहे का, ते पाहा

अर्थ बरोबर असूनही शब्द चुकीच्या दालनातला असू शकतो. ‘नायनाट’ बोलभाषेला जवळचा आहे. तो ढेकणांचा, उंदरांचा, तणाचा होतो, जाहिरातीत शोभतो, पण शासन निर्णयात शोभत नाही. ‘बीमोड’ बंडाचा होतो. ‘निर्दालन’ आणि ‘निःपात’ हे पुराणांतल्या दुष्टांच्या वाट्याला आलेले शब्द आहेत, ते वर्तमानपत्री अग्रलेखात चालतात, आरोग्य अहवालात नाहीत. ‘खात्मा’ आणि ‘सफाया’ यांच्यात हिंसेचा आनंद डोकावतो, त्यामुळे जिवंत माणसांच्या संदर्भात ते मी वापरत नाही आणि इतरांच्या मजकुरात आले, तर बदलण्याचा आग्रह धरते.

आणि सर्वांत साधे पर्याय विसरू नयेत : घालवणे, हटवणे, काढून टाकणे, संपवणे, नाहीसे करणे. वाचक जर वस्तीतल्या बचतगटाच्या सभासद असतील, तर ‘घरातली डासांची पैदास थांबवा’ हे वाक्य ‘डासोत्पत्ती स्थानांचे निर्मूलन करा’ यापेक्षा नेमके आहे. ऐकल्यावर काय करायचे ते लगेच कळते.

८. शुद्धलेखन आणि वाक्यरचना तपासा

‘निर्मूलन’मधला ‘मू’ दीर्घ आहे. ‘निर्मुलन’ असे फलकांवर वारंवार दिसते, ते चूक. ‘दूरीकरण’मधला ‘दू’ही दीर्घ. सरकारी कागदांत ‘दुरीकरण’ असे अनेकदा छापलेले आढळते, परंतु तत्सम शब्द मूळ संस्कृतप्रमाणे लिहावा, या नियमाने दीर्घच योग्य ठरतो. सामासिक शब्दात ‘जातिनिर्मूलन’ असा ऱ्हस्व ‘ति’ लिहावा, कारण समासात तत्सम इकारान्त पूर्वपद ऱ्हस्वच राहते. संस्थेने स्वतःचे नाव दोन शब्द तोडून नोंदवले असेल, तर मात्र तेच ठेवावे.

‘समूळ निर्मूलन’ ही जोडी टाळावी. मूळ दोनदा आले. ‘समूळ उच्चाटन’ ठीक आहे, ‘निर्मूलन’ एकटेही ठीक आहे. ‘मुळापासून निर्मूलन’ हीदेखील तीच पुनरुक्ती.

लिंगाकडे लक्ष द्यावे, विशेषतः एक शब्द बदलून दुसरा घालताना : निर्मूलन, उच्चाटन, निवारण, निरसन झाले, नायनाट, बीमोड, लोप झाला. शब्द बदलला आणि क्रियापद तसेच राहिले, तर मुद्रितशोधनात ते हमखास निसटते. ‘निर्मूलित’ हे विशेषण व्याकरणात बसते, पण मराठीत रुळलेले नाही. ‘नामशेष झालेला रोग’ किंवा ‘निर्मूलन झालेला रोग’ अशी फोड करावी.

९. मजकूर परत देताना शब्दयादी जोडा

मूळ मजकुरात एकच इंग्रजी शब्द असताना तुम्ही मराठीत चार वेगळे शब्द वापरले, तर तपासणाऱ्याला तो निष्काळजीपणा वाटण्याचा संभव असतो आणि सगळीकडे ‘निर्मूलन’ अशी एकसूत्री दुरुस्ती होऊन मजकूर छापायला जातो. हे टाळण्यासाठी अर्ध्या पानाची शब्दयादी सोबत द्यावी. तिच्यात मूळ शब्द, पान क्रमांक, वापरलेला मराठी शब्द आणि एका ओळीत कारण असावे, उदाहरणार्थ, ‘पान ४, दूरीकरण : विधान एका राज्यापुरते आहे’, ‘पान ७, वगळणे : मतदार यादीचा रूढ शब्द’, ‘पान ९, निर्मूलन : अधिनियमाच्या नावात आहे’.

अधिकृत नावच खटकत असेल, तरी ते मजकुरात बदलू नये. यादीखाली वेगळी टीप लिहून संस्थेला कळवावे. यादीची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण त्याच संस्थेचा पुढचा अहवाल येईल तेव्हा आधीच्या अहवालाशी शब्द जुळवून पाहावे लागतील, आणि मध्यंतरी एखाद्या कार्यक्रमाचे नाव बदललेले असू शकते.